आंबवण-पेटीचे प्रकरण: डिझाइन, तंत्रज्ञान आणि स्वयंपाक एकत्र शिकवताना

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका माध्यमिक शाळेतील आहे, आणि पावाचे पीठ फुगवण्यासाठी मुलांनी बांधलेल्या ऊबदार पेटीचे आहे. शाळा, शिक्षक व विद्यार्थी यांची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे. मी त्या वेळी डिझाइन, तंत्रज्ञान आणि स्वयंपाक या तीन विषयांचा समन्वयक होतो, त्यामुळे पुढे ज्या चुका सांगितल्या आहेत त्यांतल्या बऱ्याचशा माझ्याच पदरात पडतात.

१३-१४ वर्षांच्या मुलांच्या वर्गाच्या तीन तुकड्या पाडलेल्या असत आणि या तुकड्या वर्षभरात आळीपाळीने रेखाटनाचा वर्ग, कार्यशाळा आणि स्वयंपाकशाळा अशा तिन्ही ठिकाणी फिरत. या विषयांची सांगड काही ठिकाणी अभ्यासक्रमातच घातलेली असते; इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात २०१४ पासून डिझाइन व तंत्रज्ञान या विषयाच्या पोटातच स्वयंपाक व पोषण हा भाग येतो. आमच्याकडे मात्र ती सांगड वेळापत्रकापुरती होती. शिक्षक तिघे, खोल्या तीन, आणि एका खोलीत काय चालले आहे याचा दुसरीला पत्ता नसे.

अडचण

अडचण प्रथम जाणवली ती वर्षअखेरीच्या प्रदर्शनात. टेबलावर लाकडी मोबाइल-स्टँड ओळीने मांडले होते, सगळे एका मापाचे आणि एका कोनाचे, आणि आपला स्टँड पालकांना दाखवताना मुले एकेक उचलून तळाशी पेन्सिलीने लिहिलेले नाव शोधत होती. स्वयंपाकशाळेची तऱ्हा वेगळी नव्हती. मैदा, यीस्ट, मीठ आणि पाणी शिक्षिकेने आधीच तोलून वाट्यांत भरून ठेवलेले असे आणि मुलांनी ते फळ्यावरच्या क्रमाने एकत्र करायचे असे. रेखाटनाच्या वर्गात मुले एखादा ग्राहक कल्पून त्याच्यासाठी वस्तू काढत, पण ती वस्तू पुढे कधी कोणी बनवत नसे आणि तो ग्राहकही कोणाला भेटत नसे.

शिक्षक आळशी होते म्हणून हे होत नव्हते. तासिका ५० मिनिटांची. स्वयंपाकशाळेत त्यांतली पहिली १० मिनिटे केस बांधणे, एप्रन घालणे, हात धुणे व सूचना ऐकणे यांत जातात आणि शेवटची १० भांडी घासण्यात व ओटे पुसण्यात. उरलेल्या ३० मिनिटांत पावाचे पीठ तिंबून, फुगवून, भाजून होत नाही. कार्यशाळेतही हत्यारे वाटणे आणि मोजून परत घेणे यांत तेवढाच वेळ जातो. मग शिक्षक वेळ वाचवू लागतो, आणि वाचवता येण्याजोगा वेळ एकाच ठिकाणी सापडतो, तो म्हणजे मुलाने विचार करून काही ठरवायच्या जागी. तोलमाप आधी करून ठेवले की १० मिनिटे वाचतात, फळ्या आधी कापून ठेवल्या की आणखी १५. तासिका वेळेत संपते, प्रत्येकाच्या हातात काहीतरी तयार वस्तू असते आणि पालकही खूश असतात. पीठ सैल झाले तर काय करायचे हे मात्र मुलाला कळत नाही, कारण ते सैल होण्याची सोयच ठेवलेली नसते.

थंडीच्या दिवसांत तर आधी तोललेले पीठही दगा देई. यीस्ट साधारण २५ ते ३५ अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात जोमाने काम करते. गार खोलीत पहिल्या तासिकेला मळलेला गोळा तासिका संपली तरी जसाच्या तसा बसून असे. स्वयंपाकाच्या शिक्षिकेने एकदा शिक्षकखोलीत वैतागून म्हटले, “मला गोळे ठेवायला एक ऊबदार कपाट द्या, बाकी काही नको.” पुढचे सगळे या वाक्यातून निघाले.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय होता तिन्ही विषय वेगळेच ठेवून प्रत्येकात मुलांना थोडी अधिक मोकळीक देण्याचा. तो सर्वांत सोपा होता, पण वेळेचे गणित त्यात सुटत नव्हते. मोकळीक म्हणजे रंग कोणता द्यायचा किंवा पावावर तीळ लावायचे की नाही, इतकीच राहण्याची भीती होती.

दुसरा पर्याय तयार किटचा होता. कापलेले भाग, छापील सर्किट आणि पायरी-पायरीची पुस्तिका असलेले संच मिळतात, आणि ज्यांनी एका वेळी २४ मुलांची कार्यशाळा सांभाळली आहे त्यांना अशा संचांचे आकर्षण का वाटते हे वेगळे सांगायला नको. तंत्रज्ञानाच्या शिक्षकाचा कल त्याकडे होता. त्याचा मुद्दा खोटा नव्हता: किटमध्ये कोणी मागे राहत नाही, भाजणे-कापणे कमी होते आणि प्रत्येकाची वस्तू चालते. माझा आक्षेप असा की किट म्हणजे लाकूड-तारांची पाककृतीच. सगळे निर्णय ते बनवणाऱ्याने घेतलेले असतात आणि मुलाच्या वाट्याला फक्त हमाली येते.

तिसरा पर्याय आम्ही निवडला. १४ आठवड्यांचा एकच घटक करायचा, त्यात प्रत्येकी चार मुलांच्या गटाने पावाचे पीठ फुगवण्यासाठी तापमान राखणारी पेटी तयार करायची आणि शेवटी त्याच पेटीत फुगवलेले पीठ भाजून पाहायचे. यात पेटीला खराखुरा ग्राहक मिळत होता, म्हणजे पीठ. आणि पिठाला जे खोलीत मिळत नव्हते ते पेटीतून मिळणार होते. वेळेचा प्रश्न फ्रिजने सोडवला. ४ अंशांच्या आसपास यीस्टचे काम अगदी मंदावते पण थांबत नाही, त्यामुळे आदल्या दिवशी मळलेले पीठ रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी जोडतासिकेत त्याचे छोटे गोळे करता येतात, ते ४५ मिनिटे पेटीत ठेवता येतात आणि २०० अंशांच्या ओव्हनमध्ये १५-२० मिनिटांत भाजूनही होतात.

या टप्प्यावर आमच्या बैठकीत किट की मोकळे साहित्य, पेटी प्लायवूडची की थर्मोकोलची, भुसा उडणाऱ्या खोलीत पीठ न्यायचे का, अशा सगळ्या गोष्टींवर चर्चा झाली. वर्गात गहू न चालणारे कोणी आहे का, हा प्रश्न त्या बैठकीत कोणी विचारला नाही.

पहिली फेरी

सुरक्षिततेचे काही निर्णय आम्ही मुलांवर सोडले नाहीत. पेटीत घरगुती वीजप्रवाहावर चालणारा बल्ब लावायचा नाही, तापवण्यासाठी १२ व्होल्टची, साधारण १० वॉटची पट्टीच वापरायची, हे ठरलेले होते. भुशाची आणि पिठाची खोली एक होणार नाही, कापण्या-घासण्याचे काम संपवून पेटी पुसल्यावरच ती स्वयंपाकशाळेत येईल, आणि कच्चे पीठ कोणीही चाखणार नाही, हेही ठरलेले होते. कच्च्या मैद्यात रोगजंतू असू शकतात, ही गोष्ट मुलांनाच नव्हे तर काही शिक्षकांनाही नवी होती.

बाकीचे मुलांनी ठरवायचे होते, आणि इथे पहिल्यांदा आम्हाला हवे होते ते दिसले. एका गटाने पेटी चांगली बांधली होती, झाकण घट्ट बसत होते, तापमान मोजणारा थर्मिस्टर जोडलेला होता आणि छोट्या पडद्यावर ३२ हा आकडा स्थिर दिसत होता. अर्ध्या तासाने झाकण उघडले तर गोळे होते तसेच. गटातल्या एका मुलाने गोळ्याला बोट लावले आणि म्हणाला, “सर, पेटी म्हणते ३२, पण पीठ गार आहे.” थर्मिस्टर तापपट्टीपासून दोन बोटांवर चिकटवलेला होता. पट्टी क्षणात तापे, थर्मिस्टर लगेच ‘पुरे’ म्हणे, पट्टी बंद होई, आणि दुसऱ्या कोपऱ्यातल्या गोळ्यांपर्यंत ऊब पोहोचतच नसे. गटाने स्वयंपाकशाळेतला टोचायचा थर्मामीटर आणून पेटीतल्या पाच जागा मोजल्या आणि कागदावर पेटीचा नकाशा काढून त्यात आकडे भरले. ३४ पासून २१ पर्यंत. मग सेन्सर गोळ्यांच्या ताटलीशी आला आणि पट्टीवर हवा फिरवायला जुन्या संगणकातला छोटा पंखा बसला. इतक्या वर्षांत ‘सेन्सर कुठे बसवावा’ यावर मी दिलेली सगळी व्याख्याने त्या एका बोटापुढे फिकी होती.

दुसऱ्या एका पेटीतून सारखी टकटक ऐकू येत होती. पेटीचे नियंत्रण करणाऱ्या छोट्या संगणक-चिपच्या, म्हणजे मायक्रोकंट्रोलरच्या, पायातून निघणारा प्रवाह काही मिलीअँपिअरच असतो आणि पट्टीला जवळपास एक अँपिअर लागतो, म्हणून मध्ये रिले, म्हणजे छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, बसवावा लागतो. या गटाने २८ अंशांखाली चालू आणि २८ च्या वर बंद असे लिहिले होते, त्यामुळे तापमान २८ भोवती घुटमळताना रिले सेकंदासेकंदाला उघडझाप करत होता. चालू होण्याचा आकडा २७ आणि बंद होण्याचा २९ करायचा, मधली जागा मोकळी सोडायची, हे त्यांना दुसऱ्या गटातल्या मुलीने सांगितले, शिक्षकाने नाही.

एकंदर फेरी आम्ही यशस्वी समजलो. पाव फुगले, भाजले आणि खाल्ले गेले. भाजून झाल्यावर पावाच्या पोटात थर्मामीटर टोचून ९५ च्या आसपास आकडा आला की पाव काढायचा, हे मुलांनी घड्याळाऐवजी मोजमापाने ठरवले.

दोन गोष्टी मात्र डोळ्यांत खुपल्या. पहिली नोंदवह्यांची. प्रत्येक गटाने कल्पना कशी बदलत गेली याची चित्रे काढायची होती. वह्या तपासताना एकीत पहिल्या आठवड्याच्या ‘कच्च्या’ चित्रात पेटीची मापे मिलिमीटरपर्यंत दिली होती आणि ती तयार पेटीशी तंतोतंत जुळत होती. चारही चित्रे एकाच टोक केलेल्या पेन्सिलीने, एका बैठकीत काढलेली दिसत होती. आम्ही विचारप्रक्रियेला गुण ठेवले होते, मुलांनी विचारप्रक्रिया नंतर रचून दिली. यात मुलांचा दोष फारसा नाही. जे मागितले तेच त्यांनी पुरवले. दुसरी गोष्ट विज्ञानाच्या शिक्षिकेने सहज विचारलेल्या प्रश्नातून आली: “पेटीबाहेर ठेवलेला गोळा किती फुगला?” बाहेर गोळा ठेवलाच नव्हता. रात्रभर फ्रिजमध्ये राहिलेले गव्हाचे पीठ बरेच सोशिक असते, आणि त्या दिवसांत खोलीही ऊबदार होती. पेटीमुळे पाव चांगले झाले की पेटी असूनही झाले, हे आम्हाला सांगता येत नव्हते.

एका विद्यार्थिनीचा प्रश्न

एका गटातील विद्यार्थिनीला सीलिअॅक हा आजार होता. ही साधी अॅलर्जी नव्हे. ग्लुटेन हे गव्हातील प्रथिन पोटात गेले की शरीराची प्रतिकारयंत्रणा लहान आतड्याच्या अस्तरावरच उलटते, आणि त्याला प्रमाणही अगदी थोडे पुरते. ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणवणाऱ्या अन्नासाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे. शाळेच्या आरोग्यनोंदीत तिचा आजार लिहिलेला होता. स्वयंपाकाच्या शिक्षिकेला तो माहीत होता आणि एकट्या विषयाच्या दिवसांत त्या तिच्यासाठी वेगळा पदार्थ योजत असत. विषय एकत्र झाले तेव्हा ही माहिती तिघांच्या मध्ये कुठेतरी पडून राहिली. पहिल्या फेरीत पीठ मळायच्या दिवशी ती आमच्या लक्षात आली आणि घाईघाईने तिला तापमानाच्या नोंदी ठेवण्याचे काम देऊन दाराजवळ बसवले.

भाजण्याच्या दिवशी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “सर, मी आजही नोंदीच करू का?” आवाजात तक्रार नव्हती. तक्रार दोन दिवसांनी तिच्या आईकडून आली, आणि ती रास्त होती. पिठाची धूळ हवेत बराच वेळ तरंगते आणि नाकातोंडावाटे पोटातही जाते. म्हणजे दाराजवळची खुर्ची तिला कामापासून दूर ठेवत होती, पिठापासून नव्हे. आणखी एक गोष्ट तिच्या आईने म्हटली नाही, पण मला ती तेव्हापासून टोचत आली आहे. पहिल्याच आठवड्यात आम्ही मुलांना सांगितले होते की ज्याच्यासाठी वस्तू करायची त्याला आधी भेटा, विचारा. खोलीतल्या मुलीला आम्ही विचारले नव्हते.

दुसऱ्या फेरीचा निर्णय

पुढच्या सत्रात तेच विद्यार्थी सुधारित पेटी करणार होते. तिच्यासाठी चार मार्ग होते: वेगळा ओटा, वेगळा दिवस, फक्त पेटीचे काम, किंवा तिच्या तुकडीतल्या सर्वांनीच गव्हाशिवाय पीठ करणे. या वेळी आधी तिला आणि तिच्या आईवडिलांना विचारले. वेगळा ओटा तिला नको होता, आणि एकाच खोलीतला वेगळा ओटा तसाही फारसा उपयोगाचा नव्हता. स्वयंपाकाच्या शिक्षिकेचा आग्रह चौथ्या मार्गाचा होता. तंत्रज्ञानाच्या शिक्षकाला एका मुलीसाठी सगळ्या तुकडीचा पदार्थ बदलणे अतिरेकी वाटले आणि त्याने तसे स्पष्ट म्हटलेही. अखेर चौथा मार्ग ठरला.

तो अमलात आणणे वाटले त्यापेक्षा किचकट निघाले. स्वयंपाकशाळा तिन्ही तुकड्यांची होती. एका तुकडीने गहू वापरायचा नाही आणि दुसरीने आदल्या दिवशी वापरायचा, याला अर्थ नव्हता. उपाय वेळापत्रकात सापडला: सुट्टीत खोलीची पूर्ण सफाई होते, म्हणून सुट्टीनंतर लगेच तिची तुकडी स्वयंपाकशाळेत आणली आणि ती बाहेर पडेपर्यंत गव्हाचे पीठ खोलीत येऊ दिले नाही. लाकडी लाटणी, पोळपाट आणि चाळण्या बाजूला काढल्या, कारण त्यांच्या भेगांत आणि जाळीत पीठ कितीही धुतले तरी राहते. त्यांच्या जागी नवी भांडी घेतली.

परिणाम

पीठ बदलल्यावर आम्ही न योजलेल्या दोन गोष्टी घडल्या. ग्लुटेन नसलेल्या पिठात वायू धरून ठेवणारी जाळी नसते. तिचे काम इसबगोलाच्या भुशीवर सोपवावे लागते. तांदळाचे पीठ, टॅपिओकाचा स्टार्च आणि इसबगोल यांचे मिश्रण जवळजवळ पिठाच्याच वजनाइतके पाणी पिते, तर मैद्याच्या पावाला पिठाच्या ६० ते ६५ टक्के पाणी पुरते. हे सैलसर पीठ तिंबायचे नसते, गोळे वळायचे नसतात, साच्यात चमच्याने ओतून एकदाच फुगवायचे असते. एक फुगवण वाचल्याने रात्रभर फ्रिजमध्ये ठेवण्याची गरज उरली नाही आणि सगळे एका जोडतासिकेत बसू लागले. ज्या वेळेच्या अडचणीपासून आम्ही सुरुवात केली होती ती या मुलीसाठी केलेल्या बदलाने अनायासे सुटली.

दुसरे म्हणजे पेटीची खरी परीक्षा झाली. गव्हाचे पीठ दोन-चार अंशांचा फरक पोटात घालते. हे पीठ घालत नाही. या वेळी प्रत्येक गटाने एक साचा पेटीबाहेरही ठेवला होता. ज्या पेटीत तापमान चढून ३६ च्या पुढे गेले तिच्यातले पीठ भराभर वर आले, साच्याच्या काठावर टेकले आणि ओव्हनमध्ये जाताच मधोमध खचले. सहा गटांपैकी तिघांचे पाव असे बसले. त्या तिघांतल्या एका गटाने पुढच्या आठवड्यात तीन वेगवेगळ्या तापमानांना तीन साचे फुगवून पाहिले. हे करा असे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. त्या विद्यार्थिनीच्या गटाचा पाव खचला नाही, पण फारसा फुगलाही नाही. तिने तो स्वतः कापला आणि एक तुकडा मला दिला. खरे सांगायचे तर मीठ कमी होते.

नोंदवहीचा प्रश्न अर्धाच सुटला. दर तासिकेच्या शेवटी पाच मिनिटे राखून वहीच्या त्या दिवसाच्या पानावर शिक्षकाने तारीख व सही करायची, असे ठरवले. रचून लिहिणे बंद झाले, पण काही मुले आता सहीपुरते काहीतरी खरडतात.

तोटाही झाला आणि तो लपवण्यात अर्थ नाही. पेट्या थर्मोकोल आणि पातळ प्लायवूडच्या झाल्या, त्यामुळे लाकडाचे सांधे, पटाशीचे काम आणि रंधा हे जवळजवळ शिकवलेच गेले नाही. तंत्रज्ञानाच्या शिक्षकाने सत्राअखेरीस मला एका मुलाने पटाशी उलटी धरल्याचे सांगितले, आणि त्याच्या बोलण्यात ‘मी म्हटले होते’ हा भाव होता. तो बरोबर होता. हाताचे कसब वेळ मागते, आणि तो वेळ आम्ही सेन्सरला दिला होता.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी चूक क्रमाची होती. आम्ही आधी पदार्थ ठरवला, मग पेटी, आणि माणसे शेवटी मोजली. आरोग्यनोंदी पहिल्या बैठकीत टेबलावर असत्या तर गहू हा गृहीत धरलेला पदार्थ न राहता चर्चेचा विषय झाला असता, आणि कदाचित पहिल्याच फेरीत आम्ही एकदाच फुगणाऱ्या पिठाकडे वळलो असतो. तिला सगळ्यांसमोर काही सांगावे न लागता विचारता आले असते हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. आजाराची माहिती शिक्षकांनी शोधायची असते, मुलीने जाहीर करायची नसते.

पेटीबाहेरचा गोळा पहिल्या दिवसापासून हवा होता. त्याला ना खर्च लागतो ना वेळ, आणि त्याच्याशिवाय पेटीबद्दलचे कोणतेही विधान हवेतलेच राहते.

किटला मी सरसकट विरोध केला, तो आज करणार नाही. तापपट्टी, रिले आणि वीजपुरवठा एवढा भाग तयार देऊन पेटीचा आकार, सेन्सरची जागा, आकड्यांची निवड आणि झाकण मुलांवर सोडले असते तर जोडणीत गेलेले दोन आठवडे वाचले असते आणि ते पटाशीला देता आले असते. कोणता निर्णय मुलाच्या हातात राहायलाच हवा हे घटकाघटकाला वेगळे असते, आणि मी ते कधी लिहून काढले नव्हते.

तिसऱ्या फेरीसाठी तिघांनी मिळून एक पानाचा तक्ता केला आहे. डाव्या रकान्यात घटकातले सगळे निर्णय आहेत, उजव्या रकान्यात तो शिक्षकाचा, साहित्याचा की मुलाचा हे लिहिले आहे. पहिल्या ओळीत ‘पदार्थ’ आहे आणि त्याच्यापुढची जागा वर्गाची आरोग्यनोंद पाहीपर्यंत कोरी ठेवायची असे ठरले आहे. पटाशीच्या ओळीवर मात्र अजून एकमत झालेले नाही.